लहर कुणाला येते?

'मी लहर केली' असं वाक्य मराठीत कुणाच्याही तोंडी येत नाही. लहर येते, लागते, फिरते, ओसरते. 'त्याला लहर आली आणि रात्रीच्या गाडीनं निघाला गोव्याला.' 'साहेबांची लहर फिरली, सही राहिली.' 'लहर लागली तर पहाटेपर्यंत गाईल, नाहीतर तानपुऱ्याची गवसणीसुद्धा काढायचा नाही.' तिन्ही वाक्यांत माणूस आहे, पण त्या लहरीचा कर्ता कुणीच नाही. ती कुठून तरी आली आणि माणसाला घेऊन गेली, एवढंच भाषा सांगते.

हा शब्द समजून घ्यायचा तर या व्याकरणापासूनच सुरुवात करावी लागते. मराठीत काही गोष्टी आपण करतो आणि काही आपल्याला होतात. मला भूक लागते, झोप येते, राग येतो, कुणाची तरी आठवण येते. इथं 'मी' नसतो, 'मला' असतो. लहर याच गटातली. हट्ट मात्र आपण करतो, नखरे करतो, थेर करतो, चाळे करतो. हट्ट करणाऱ्या पोराला दटावता येतं, कारण तो त्यानं केलेला असतो. लहर आलेल्या माणसाला दटावणं अवघड जातं. 'आली लहर, केला कहर' ही आपली म्हण किती अचूक आहे बघा. लहर 'आली', पण कहर 'केला'. पहिल्या अर्ध्यात माणूस निर्दोष आहे, दुसऱ्या अर्ध्यात नाही. चार शब्दांत इतका नेमका निवाडा मला दुसऱ्या म्हणीत सापडलेला नाही.

आता शब्दाच्या मुळाकडे. संस्कृतात 'लहरि' किंवा 'लहरी' म्हणजे मोठी लाट. सतराव्या शतकात, शाहजहानच्या काळात होऊन गेलेल्या जगन्नाथ पंडितांच्या 'गंगालहरी'तली लहर ही अशी खरीखुरी पाण्याची. ज्येष्ठात गंगा दशहऱ्याच्या दिवसांत नदीकाठच्या गावांत हे स्तोत्र आजही म्हटलं जातं. हिंदीनं हा पाण्याचा अर्थ राखला. तिथं समुद्रात लहरें उठतात आणि हिवाळ्यात शीत लहर येते. मराठीत मात्र शब्दांची वाटणी झाली. समुद्राची ती लाट, थंडीचीही लाट, उष्णतेचीही लाट. निवडणुकीतसुद्धा हिंदी वर्तमानपत्रांत लहर येते, मराठीत लाट येते. १९८४ च्या निवडणुकीला आपण आजही 'सहानुभूतीची लाट' म्हणतो. वजनदार, अंगावर येणारं, पाडून टाकणारं ते सगळं लाटेकडे गेलं. लहरीकडे उरलं ते डोळ्यांना न दिसणारं. ध्वनिलहरी, रेडिओ लहरी, भूकंपलहरी हे शास्त्रातले शब्द याच वाटणीतून आले. आणि मनाची लहरही.

पण पाण्यातून थेट मनात उडी पडलेली नाही. मधे एक पायरी आहे, ती शरीराची.

गावाकडे साप चावला असं सरळ म्हणत नसत. 'पान लागलं' म्हणत. पान लागलेल्या माणसाला कडुलिंबाचा पाला चघळायला द्यायचे. कडू लागला तर ठीक, कडू लागेना तर विष चढलं असं समजायचं. मग माणसाच्या डोळ्यांवर झापड येई, पापण्या जड होत, मान कलंडे, मधेच तो जागा झाल्यासारखा वाटे आणि पुन्हा गळून जाई. या चढउताराला लोक 'विषाच्या लहरी' म्हणत. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जासंस्थेवर काम करतं आणि पापण्या मिटू लागणं हे त्याचं अगदी सुरुवातीचं लक्षण, त्यामुळे लोकांनी पाहिलं ते खरंच होतं. उपाय तेवढा पाल्यात किंवा मंत्रात नव्हता, आजही नाही. तो दवाखान्यातल्या प्रतिविषात आहे आणि तिथं पोचायला केलेला प्रत्येक मिनिटाचा उशीर महागात पडतो. सुश्रुतसंहितेत सापाच्या विषाचे सात वेग सांगितले आहेत, म्हणजे विष शरीरात टप्प्याटप्प्यानं, उसळ्या मारत चढतं ही समजूत आपल्याकडे फार जुनी. त्या वेगांना बोलीनं लहर हा शब्द दिला. पुढे भांगेची लहर, झोपेची लहर, अंगावरून गेलेली थंडीची लहर. या सगळ्यांत काहीतरी बाहेरून येतं, शरीरात चढतं, थोडा वेळ माणूस त्याच्या ताब्यात असतो आणि मग ते उतरतं. मनात येणाऱ्या लहरीची रचना हुबेहूब हीच आहे. म्हणून 'लहर आली' म्हणताना आपण नकळत माणसाला थोडंसं झपाटलेलं ठरवतो.

इथं एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. लाटेचा अर्थ असलेला शब्द मनाच्या चाळ्यांसाठी वापरणं हे मराठीत एकदा नाही, चार वेळा झालेलं आहे. लहर पाहिलीच. 'ऊर्मी' हा ऋग्वेदापासूनचा लाटेचा शब्द. आज मराठीत लिहिण्याची ऊर्मी येते, काहीतरी करून दाखवण्याची ऊर्मी येते, पण समुद्राच्या ऊर्मीबद्दल कवीशिवाय कुणी बोलत नाही. 'तरंग' पाण्यावर उठतात तसे मनातही उठतात. चौथा शब्द 'मौज'. हा अरबीतला, आणि अरबी-फारसीत मौज म्हणजे लाट! उर्दू शायरीत आजही दर्याच्या मौजा उसळतात. हिंदुस्तानीत शिरताना तिला मनाच्या उसळीचा, मग आनंदाचा अर्थ चिकटला. मराठीत पोचेपर्यंत पाणी पार आटून गेलं आणि राहिली ती मौजमजा. 'मनमौजी' माणूस म्हणजे अक्षरशः मनात उठेल त्या लाटेबरोबर जाणारा. दोन वेगळ्या भाषाकुळांतले शब्द, एक संस्कृतातून आलेला आणि एक अरबीतून, वेगवेगळ्या वाटांनी याच ठिकाणी येऊन थांबले.

जुन्या तत्त्वज्ञानात 'षडूर्मी' म्हणजे सहा लाटा अशी एक कल्पना आहे: भूक, तहान, शोक, मोह, जरा आणि मृत्यू. माणसाला न विचारता येणाऱ्या सहा गोष्टी. भूक 'लागते' आणि लहर 'येते' यांचं व्याकरण सारखं का, याचं उत्तर या यादीत बरंचसं मिळतं.

युरोपीय भाषांनी हीच गोष्ट दुसऱ्या चित्रांतून पाहिली. इंग्रजीत अशा अनपेक्षित वागण्याला एक शब्द आहे 'व्हेगरी'. तो लॅटिनमधल्या भटकणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आणि सुरुवातीला त्याचा अर्थ खरोखरीची भटकंती असाच होता. दुसरा 'कप्रीस', इटालियनमधल्या 'काप्रिच्चो'वरून आलेला. त्याचा मूळ अर्थ अंगावर सरसरून येणारा शहारा. पुढे लोकांनी त्याचा संबंध इटालियनमधल्या शेळीच्या शब्दाशी, तिच्या टुणकन उडी मारण्याशी जोडला. भटक्या आणि शेळी हे निदान स्वतःच्या पायांनी जातात. पण त्या शहाऱ्याकडे पाहिलं की आपल्या विषाच्या लहरीची आठवण होते. आधी शरीर आणि मग मन, हा क्रम तिथंही तोच.

शब्दाचं मूळ इतकं निरागस असलं तरी वापर तसा नाही. लहर कुणाला येते, हे आपल्याकडे माणसाच्या पायरीवर ठरतं. साहेबाला लहर येते. तेच शिपायानं केलं तर तो कामचुकार. मालकाची मर्जी असते, गड्याची मिजास. सासरे लहरी असतात, सून नखरेल असते. कलावंताला मूड लागतो आणि त्याच वयाच्या बेकार पोराच्या डोक्यात खूळ शिरतं. पैसेवाल्याला षौक असतो, मजुरानं महिन्याच्या पगारातून मोबाइल घेतला की त्याला चोचले सुचतात. घडतं ते एकच, मनात आलं आणि केलं. नाव मात्र वेगळं. 'लहर' हे त्यातलं सर्वांत सौम्य नाव आणि ते बहुतेक वेळा वरच्याच्या वाट्याला जातं.

मर्जी या शब्दाचं कूळ तर पाहण्यासारखं आहे. अरबीत संमती, पसंती या अर्थाचा एक धातू आहे. त्यावरून मर्जी आली, राजी आलं, नाराज आलं, आपण कचेरीतून घेतो ती रजा आली आणि राजीनामाही आला. रजा म्हणजे मुळात वरच्याची परवानगी. राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद. मर्जी राखणं, मर्जीतला असणं, खप्पामर्जी होणं या साऱ्या वाक्प्रचारांना दरबाराचा वास आहे. लहरी धन्याजवळ राहणाऱ्यांची अवस्था एका सुभाषितात नेमकी पकडली आहे: 'क्षणे रुष्टः क्षणे तुष्टः रुष्टस्तुष्टः क्षणे क्षणे। अव्यवस्थितचित्तानां प्रसादोऽपि भयंकरः॥' क्षणात रागावतो, क्षणात खूश होतो, अशा अस्थिर मनाच्या माणसाची कृपासुद्धा भयंकर. राग भयंकर असतो हे सांगायला सुभाषित लागत नाही. कृपेचीही भीती वाटते, कारण ती किती वेळ टिकेल ते कुणालाच ठाऊक नसतं.

लहरी राजा म्हटलं की मराठी माणसाला एकच नाव आठवतं, महंमद तुघलक. 'लहरी महंमद', 'वेडा महंमद', 'तुघलकी कारभार' हे शब्द इथं रुजायला कारणही आहे. त्याच्या सर्वांत गाजलेल्या निर्णयाचं दुसरं टोक महाराष्ट्रात होतं. १३२७ च्या सुमारास त्यानं दिल्लीतल्या मातब्बरांना, उलेमांना, सूफींना हजार किलोमीटरहून लांब असलेल्या देवगिरीला हलवलं आणि तिचं दौलताबाद केलं. काही वर्षांत माणसं परत दिल्लीला न्यावी लागली. १३३० च्या आसपास त्यानं तांब्या-पितळेच्या नाण्यांना चांदीच्या टंक्याचं मोल दिलं, खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला आणि ती नाणी चांदी देऊन परत घ्यायची पाळी खजिन्यावर आली.

याला लहर म्हणायचं का? मला नाही वाटत. दख्खन नुकतंच जिंकलेलं होतं आणि दिल्लीत बसून ते ताब्यात ठेवणं अवघड होतं. साम्राज्याच्या मध्यावर दुसरं केंद्र उभं करण्यामागे उघड हिशेब होता. धातूच्या किमतीशी संबंध नसलेलं नाणं ही कल्पना तर आज प्रत्येकाच्या खिशात आहे. चूक अंमलात होती: माणसांना जबरदस्तीनं हलवण्यात आणि घरोघरी नक्कल करता येईल असं नाणं पाडण्यात. 'लहर आली' म्हटलं की हे सगळे प्रश्न संपतात. काय चुकलं, कुणी अडवायला हवं होतं, किंमत कुणी मोजली, याची चौकशी करायची गरजच उरत नाही. शिवाय जे घडलं ते लहरीसारखं ओसरूनही गेलं नाही. दिल्लीहून आलेल्यांपैकी बरेच दख्खनमध्येच राहिले, शेजारचं खुलदाबाद सूफींचं मोठं ठिकाण झालं, दख्खनी बोलीला बळ मिळालं आणि १३४७ साली दौलताबादलाच बहमनी सत्तेची स्थापना झाली. वेरूळला जाताना वाटेत दौलताबादचा तो कातळ आणि त्याभोवतीचा खंदक दिसतो. कुणी तरी हुक्की आली म्हणून तिथं गेला नव्हता, हे तो किल्ला पाहिल्यावर आपोआप पटतं.

आज मात्र हा शब्द राजांपेक्षा पावसाला जास्त लावला जातो. 'मान्सूनचा लहरीपणा' हे शब्द जून ते सप्टेंबर रोज कुठल्या ना कुठल्या बातमीत असतात. मान्सून हा शब्द अरबी 'मौसिम'वरून आला. मौसिम म्हणजे ठरलेला काळ, ऋतू. आपला मोसमही तोच. अरब खलाशी चौल-सोपाऱ्याला यायचे ते या वाऱ्यांच्या भरवशावर, ठरल्या महिन्यात येऊन ठरल्या महिन्यात परत जायचे. त्यांना या वाऱ्यात सर्वांत मोलाचा वाटला तो त्याचा नेमस्तपणा. त्याच नावाला आपण लहरी हे विशेषण जोडलं.

दोघांचंही खरं आहे. देशभराचा चार महिन्यांचा पाऊस सरासरी ८७ सेंटिमीटर आणि बहुतेक वर्षी तो याच्या दहा टक्के अलीकडे-पलीकडे राहतो. २००९ सारखं २२ टक्के तुटीचं वर्ष क्वचित येतं. देशाच्या पातळीवर पाऊस बऱ्यापैकी वक्तशीर आहे. बेभरवसा आहे तो कुठे आणि कधी पडेल यात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७४ च्या आसपास. मुंबईत मान्सून पोचायची नेहमीची तारीख ११ जून. २०२३ मध्ये तो आला २५ जूनला, दिल्लीत पोचला त्याच दिवशी. २०२५ मध्ये २६ मेलाच दाखल.

आता यामागची यंत्रणा. पावसाळ्यात राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांबट पट्टा असतो. तो दक्षिणेकडे सरकला की मध्य भारतात आणि आपल्याकडे पाऊस जोर धरतो. हिमालयाच्या पायथ्याशी गेला की तिथं पूर येतात आणि मराठवाडा-विदर्भात कडक ऊन पडतं. या पट्ट्याच्या हालचालीमागे वातावरणातले मोठे हेलकावे असतात. एक साधारण १० ते २० दिवसांचा, उपसागराकडून पश्चिमेला येणारा. दुसरा ३० ते ६० दिवसांचा, विषुववृत्ताकडून उत्तरेला सरकणारा. म्हणजे पाऊस खरोखरच लहरींनी येतो, संस्कृतातल्या अर्थानं! चढतो, ओसरतो, पुन्हा चढतो. एका गावातून पाहणाऱ्याला पुढची लहर दिसत नाही, म्हणून तिथं तो दुसऱ्या अर्थानं लहरी ठरतो.

याहून मोठ्या हेलकाव्याचा माग गिल्बर्ट वॉकर यांनी काढला. १९०४ ते १९२४ ते भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या भीषण दुष्काळांनंतर मान्सूनचा आधी अंदाज करता येईल का, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. जगभरच्या नोंदी जुळवताना त्यांना दिसलं की प्रशांत महासागरावर हवेचा दाब चढतो तेव्हा हिंदी महासागरावर उतरतो आणि उलटही. आज ज्याला आपण एल निनो म्हणतो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं, त्याची हवेतली बाजू ती. खात्याचं मुख्यालय पुढे १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरचा 'सिमला ऑफिस' चौक हे नाव त्याचंच. एल निनो आला की पाऊस बुडालाच असंही नाही. १९९७ चा एल निनो जबरदस्त होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला, कारण त्या वर्षी हिंदी महासागराच्या पश्चिमेकडचं पाणी जास्त तापलेलं होतं आणि त्यानं तोल सावरला.

एवढं कळत असताना पिकं गेल्याचं कारण 'पावसाचा लहरीपणा' असं एका ओळीत लिहून मोकळं होणं मला खटकतं. पाऊस न पडणं हे कुणी केलेलं नसतं. विहिरींत पाणी नसणं, चाऱ्याची सोय नसणं, हाताला काम नसणं यांना मात्र कर्ते असतात. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं पावसाला दोष देऊन हात झटकले नाहीत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ च्या देशव्यापी कायद्याला तिचाच नमुना होता.

शेतकऱ्याच्या बोलण्यात 'लहरी' हा शब्द मी कमी ऐकतो. त्याचे शब्द जास्त नेमके आहेत. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. पाऊस ओढ देतो, ताण देतो, दडी मारतो. खंड पडतो, उघडीप मिळते, झड लागते. ओढ म्हणजे यायचा तो आला नाही. खंड म्हणजे येऊन थांबला. उघडीप हवीहवीशी असते, कारण तेवढ्यात कोळपणी, म्हणजे ओळींमधलं तण काढणं, उरकते. तीच लांबली की ताण होतो आणि पीक दुपारी माना टाकायला लागतं. कृषी विभाग सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. बांधावरचा माणूस मातीची मूठ दाबून बघतो. चिखल हाताला चिकटला तर थांबायचं, ढेकूळ सहज फुटलं तर वापसा आला, म्हणजे जमीन पेरणीजोगी झाली. आणि तेवढ्यानं भागत नाही. पहिल्या पावसावर पेरलं आणि मग खंड पडला तर दुबार पेरणी, म्हणजे बियाणं-खताचा खर्च दुसऱ्यांदा. थांबावं तर हंगाम मागे पडतो. त्या मुठीतल्या मातीबरोबर पुढच्या १५ दिवसांचा अंदाज, आपल्या तालुक्याचा, गावच्या भाषेत त्याच्या हाती पडला तर निर्णय सोपा होत नाही, पण निदान तो हिशेबानं घेता येतो.